वॉरंटीतील गाडी आणि सर्व्हिसिंगची निवड

गाडी वॉरंटीत असताना तिची नेहमीची देखभाल कोणाकडून करून घ्यायची, हे ठरवण्याचा मालकाचा हक्क. ऑइल आणि फिल्टर बदलणे, ब्रेक पॅड, कूलंट, टायर रोटेशन अशी ठरावीक अंतराने करायची कामे यात मोडतात. ‘बाहेर हात लावलात तर वॉरंटी गेली’ हे वाक्य अनेक मालकांनी ऐकलेले असते आणि त्या धास्तीने ते वर्षानुवर्षे कंपनीच्याच सर्व्हिस सेंटरला गाडी नेतात. अमेरिका आणि युरोपीय संघाच्या कायद्यांपुढे हे वाक्य इतक्या सरसकट अर्थाने टिकत नाही. भारतातही स्पर्धा आयोगाने अशा सरसकट अटीला नकार दिला आहे.

वॉरंटी म्हणजे सामानात किंवा बनावटीत दोष निघाला तर ठरावीक काळात किंवा किलोमीटरमध्ये तो स्वखर्चाने दुरुस्त करून देण्याचे कंपनीचे वचन. देखभाल वेळापत्रकानुसार झाली पाहिजे, ही अट कंपनी घालू शकते आणि ती रास्तच आहे. ऑइल न बदलता पळवलेल्या इंजिनाची हमी कोण देईल? वाद आहे तो ‘आमच्याकडेच करा’ आणि ‘आमचेच पार्ट वापरा’ या पुढच्या अटीचा.

या हक्काला स्पष्ट कायदेशीर रूप मिळाले ते अमेरिकेत. सिनेटर वॉरन मॅग्नुसन आणि प्रतिनिधी जॉन मॉस यांच्या नावाने ओळखला जाणारा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा १९७५ मध्ये झाला. विशिष्ट ब्रँडचा पार्ट किंवा विशिष्ट ठिकाणची सेवा विकत घेतली तरच वॉरंटी चालू राहील, अशी अट घालायला तो मनाई करतो. कंपनी तो पार्ट किंवा ती सेवा फुकट देत असेल, तर मात्र अट चालते. दुसरा अपवाद फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकहित आणि स्पर्धा पाहणाऱ्या अमेरिकी सरकारी आयोगाने, खास सूट दिली तर. याच आयोगाने २०१५ मध्ये बीएमडब्ल्यूच्या मिनी विभागाविरुद्ध कारवाई केली. देखभाल डीलरकडेच आणि मिनीचेच पार्ट वापरून करावी, नाहीतर वॉरंटी जाईल, असे मालकांना सांगितल्याचा आरोप होता. प्रकरण तडजोडीच्या आदेशाने मिटले.

तत्त्व व्यवहारात कसे चालते, ते उदाहरणाने नीट कळते. एका गाडीच्या खिडकीची मोटर बंद पडली आणि मालकाने ऑइल बाहेरच्या गॅरेजमध्ये बदलले होते. या दोहोंचा काडीचा संबंध नाही. दावा मंजूर व्हायला हवा. दुसऱ्या गाडीत मेकॅनिकने ऑइलचा ड्रेन प्लग नीट आवळला नाही, ऑइल थेंब थेंब गळून गेले आणि बेअरिंग घासून इंजिन जाम झाले. हे नुकसान कंपनीच्या माथी मारता येत नाही. ते गॅरेजने भरून द्यायचे. पण याच गाडीचा एसी उद्या सदोष निघाला, तर त्याची वॉरंटी शाबूत असते. कंपनीला नकार देता येतो तो बाहेरच्या कामामुळे झालेल्या बिघाडापुरताच, आणि बिघाड त्या कामामुळेच झाला हे दाखवण्याची जबाबदारी तिची.

खरी झटापट होते ती तिसऱ्या प्रकारात. इंजिन उघडले आणि व्हॉल्व्ह कव्हरखाली डांबरासारखा काळा, चिकट गाळ दिसला. कंपनी म्हणते ऑइल वेळेवर बदललेले नाही. मालक म्हणतो बदलले. इथे मालकाची बाजू कागदावर उभी राहते. नुसते ‘ऑइल चेंज’ एवढेच लिहिलेल्या पावतीने फारसे काही सिद्ध होत नाही. बिलावर तारीख, त्या दिवशीचे किलोमीटर, गाडीचा किंवा चेसिसचा नंबर, ऑइलचा ग्रेड (उदाहरणार्थ ०डब्ल्यू-२०) आणि फिल्टरचा पार्ट नंबर असेल, तर कंपनीला बोलायला जागाच उरत नाही. हे बिल मागून घेणे मालकाचे काम आहे आणि बहुतेक जण नेमके तेच टाळतात. अमेरिकेत मालकाने स्वतः घरी ऑइल बदलले तरी चालते. तेव्हा ऑइल आणि फिल्टर खरेदीच्या पावत्या आणि तारखांची नोंद हाच पुरावा.

युरोपीय संघाने हा प्रश्न स्पर्धा कायद्याच्या अंगाने सोडवला. २००२ आणि २०१० च्या वाहन क्षेत्रासाठीच्या नियमांनी स्वतंत्र गॅरेजना संरक्षण दिले आणि वॉरंटीच्या आडून गिऱ्हाईक अधिकृत जाळ्यात अडकवणे गैर ठरवले. २०१० च्या नियमाची मुदत पुढे २०२८ पर्यंत वाढवण्यात आली. भारतात २५ ऑगस्ट २०१४ रोजी स्पर्धा आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड केला. मुख्य तक्रार सुटे भाग आणि दुरुस्तीची उपकरणे स्वतंत्र गॅरेजपर्यंत पोहोचू न देण्याची होती. बाहेर काम केले म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करता येणार नाही, सदोष कामामुळे झालेल्या नुकसानीपुरतीच ती नाकारता येईल, असेही आयोगाने बजावले. अपिलात २०१६ मध्ये तीन कंपन्यांबाबतचा निष्कर्ष कायम राहिला, दंड मात्र घटला.

या हक्काला मर्यादाही आहेत. वॉरंटीतली फुकट दुरुस्ती आणि रिकॉलचे काम (दोष आढळल्याने कंपनीने गाड्या परत बोलावून केलेली दुरुस्ती) अधिकृत केंद्रातच होते, कारण खर्च कंपनी उचलते. मुदत संपल्यावर कंपनी कधी कधी सौजन्य म्हणून खर्च सोसते. तो हक्क नव्हे, त्यामुळे तिथे कंपनी आपल्याकडच्या सर्व्हिसचा इतिहास पाहू शकते. जादा पैसे भरून घेतलेली एक्स्टेंडेड वॉरंटी हा बहुधा वेगळा सेवा करार असतो आणि त्याच्या अटी मूळ वॉरंटीपेक्षा कडक असू शकतात. सही करण्याआधी त्या वाचाव्यात. दावा फेटाळला गेला तर कारण लेखी मागावे आणि काढलेला जुना पार्ट परत मागून जपून ठेवावा. ग्राहक आयोगापुढे किंवा न्यायालयात तज्ज्ञाला तपासायला तोच पार्ट लागतो.