मूत्रपिंड : गाळणक्रिया व कार्यचाचण्या

रक्तातील टाकाऊ द्रव्ये वेगळी काढून मूत्र बनवणाऱ्या या जोडइंद्रियाला वृक्क असेही म्हणतात. बोलण्यात ‘किडनी’च चालते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी 10 लाख वृक्काणू (गाळणीचे सूक्ष्म घटक) असतात, मात्र व्यक्तीव्यक्तींत हा आकडा कितीतरी पटींनी बदलतो. प्रत्येक वृक्काणूच्या टोकाला केशिकांचा गुच्छ व पुढे लांब नलिका असते. दिवसाकाठी सुमारे 180 लिटर द्रव गाळला जातो. त्यातला दीड लिटरच्या आसपास तेवढा मूत्र होऊन बाहेर पडतो.

मूत्र नेमके कुठे बनते, यावर दीर्घकाळ वाद होता. इंग्रज शरीरशास्त्रज्ञ बोमन यांनी 1842 मध्ये गुच्छ फक्त पाणी सोडतो आणि घन द्रव्ये नलिका स्रवते, असे मांडले. त्याच सुमारास जर्मन शास्त्रज्ञ लुडविख यांनी रक्तदाबाने प्रथिनांखेरीज बहुतेक सर्व गाळले जाते व नलिकेत पाणी परत शोषले जाते, असे प्रतिपादले. पुढे जर्मन शास्त्रज्ञ हायडेनहाइन यांनी रंगद्रव्यांच्या प्रयोगांवरून स्रवणाची बाजू घेतली. 1924 मध्ये अमेरिकेतील वेर्न व रिचर्ड्‌स यांनी बेडकाच्या एकेका गुच्छातून सूक्ष्म काचनळीने द्रव काढला. त्यात साखर होती, प्रथिने नव्हती. मूत्राशयातील मूत्रात मात्र साखर नव्हती. लुडविख यांचा पक्ष मुख्यतः खरा ठरला. तथापि काही द्रव्ये नलिका स्रवतेच, त्यामुळे बोमन पूर्णपणे चुकले होते असे म्हणता येत नाही.

नलिका स्रवते अशा द्रव्यांपैकी क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारे टाकाऊ द्रव्य) हे एक. म्हणून त्यावरून काढलेला गाळणवेग (दर मिनिटाला गाळला जाणारा द्रव) थोडा फुगतो. शिवाय गाळणक्षमता निम्म्याने घटली तरी रक्तातील क्रिएटिनिन ‘नॉर्मल’च्या मर्यादेत राहू शकते. यासाठी वय व लिंग धरून सूत्राने गाळणवेगाचा अंदाज करतात. तो तीन महिने मिनिटाला 60 मिलिलिटरच्या (1.73 चौ. मी. शरीरपृष्ठामागे) खाली राहिल्यास दीर्घकालीन विकार मानतात. आदल्या रात्री शागोती (मांसाचा मसालेदार रस्सा) जेवून सकाळी रक्त दिले, तर क्रिएटिनिनचा आकडा उगाच चढलेला दिसण्याचा संभव असतो. गाळणवेग मोजण्यासाठी चोवीस तासांचे मूत्र जमवताना पहिल्या सकाळची पहिली लघवी टाकून द्यायची, दुसऱ्या सकाळची कॅनमध्ये घ्यायची. गफलत बहुधा इथेच होते. मूत्रातील अल्ब्युमिन (रक्तातील एक प्रथिन) हे मुख्यतः गुच्छाच्या इजेची खूण होय.

गोव्यातील काणकोण तालुक्यात मधुमेह किंवा उच्च रक्तदाब नसलेल्यांतही मूत्रपिंडविकार आढळल्याच्या नोंदी आहेत. भूजलातील सिलिकेवर (वाळूतील मुख्य द्रव्य) काहींचा संशय आहे. एकच कारण धरण्यापेक्षा अनेक कारणांचा मेळ अधिक संभवनीय वाटतो. अशा अज्ञातमूल विकारांत इजा सहसा नलिकांच्या परिसरात सुरू होते, त्यामुळे मूत्रात प्रथिने फारशी उतरत नाहीत. तेव्हा लघवीत बुडवलेल्या पट्टीचा रंग बदलला नाही, एवढ्यावरून मूत्रपिंड निरोगी ठरवता येत नाही. क्रिएटिनिनही पाहावे लागते.