झाडं वाढली, तरी माती गेली

कोरड्या, विरळ जंगलात जोराची सर येऊन गेली की उतारावर उकिडवं बसून पाहावं. झाडांची मुळं उघडी पडलेली असतात. एखाद्या खड्याखाली बोटभर मातीचा सुळका उभा दिसतो. खड्यानं झाकली तेवढी माती राहिली, भोवतालची गेली.

हे झाकण महत्त्वाचं, हे 1880च्या दशकातच जर्मनीत एवाल्ड वोल्नी यांनी लहान वाफ्यांवर मोजून दाखवलं होतं. तरी पुढची कितीतरी वर्षं धुपेचा दोष वाहत्या पाण्याच्या माथी मारला गेला. 1933 मध्ये अमेरिकी जलशास्त्रज्ञ हॉर्टन यांनी मांडलं, की मुरण्याच्या वेगापेक्षा पाऊस जोराचा झाला की उरलेलं पाणी उतारानं धावतं. पण मुरणं कमी का होतं? 1944 मध्ये धुपेचे अभ्यासक एलिसन यांनी थेंबाकडेच बोट दाखवलं. पाच मिलिमीटरचा थेंब सेकंदाला सुमारे 9 मीटर वेगानं आदळतो, कण उडवतो. तेच कण छिद्रांत बसतात आणि पोपडा धरतो. उंच फांदीवरून टपकणारा जाड थेंबही फारसा सौम्य नसतो. खाली पालापाचोळा नसेल तर वरच्या सावलीचा मातीला काय उपयोग?

1958 मध्ये लँगबाइन आणि शूम यांनी अमेरिकेतल्या नद्यांचा गाळ तपासला. सर्वाधिक गाळ ना वाळवंटातून येत होता, ना घनदाट जंगलातून. तो येत होता वर्षाला 300 मिलिमीटरच्या आसपास परिणामकारक पावसाच्या (तापमानाचा हिशेब धरून काढलेल्या पावसाच्या) पट्ट्यातून. हा आलेख सगळ्या जगाला लागू पडला नाही, पण कोरड्या प्रदेशाची अडचण त्यानं नेमकी पकडली: माती वाहून न्यायला पुरेल इतका पाऊस, ती झाकायला पुरणार नाही इतकं गवत.

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या बँडेलियर परिसराची गोष्ट तर झाडं माती धरून ठेवतात या समजुतीच्या अगदी उलट. 1880 मध्ये त्या भागात रेल्वे आली आणि तिच्यामागून मेंढ्या-गुरांचे मोठे कळप. गवत संपलं. गवताबरोबर सरपटत जाणारे लहान वणवेही थांबले, त्यामुळे पिन्यॉन (एक बुटका पाइन) आणि जुनिपर या सूचिपर्णी झाडांची रोपं माजली. झाडं वाढली, त्यांनी मधल्या जागेतलं पाणी ओढलं, आणि उघडे पट्टे एकमेकांना जोडले गेले. एरवी एका पट्ट्यातून सुटलेलं पाणी पुढच्या गवताच्या ठोंबापाशी अडतं नि मुरतं. कोरडं जंगल जगतं ते याच उधारीवर. इथे अडवायला ठोंबच उरले नव्हते.

तिथला उपाय कागदावर विचित्र वाटतो: लहान झाडं तोडायची आणि फांद्या उघड्या जमिनीवर पसरायच्या. त्या फांद्यांच्या आडोशानं पुन्हा गवत उगवलं.