गॅप आणि सीअँडओ: नकाशावर एक रेघ, चाकाखाली दोन वाटा

पिट्सबर्गहून वॉशिंग्टन डीसीपर्यंत सायकलने जाता येतं आणि त्यातलं जवळजवळ सगळं अंतर मोटारींपासून लांब, झाडीतून आणि नदीकाठाने कापता येतं, हे कळलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती दिवस लागतात?" मग हिशेब सुरू होतो. 335 मैल (सुमारे 540 किलोमीटर) भागिले सहा दिवस, म्हणजे रोजचे 56 मैल (90 किलोमीटर). अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या दोन मित्रांनी अगदी असाच हिशेब मांडून सुट्ट्या टाकल्या होत्या. पहिले तीन दिवस ठरल्याप्रमाणे गेले. चौथ्या दिवशी पाऊस झाला आणि सगळं वेळापत्रक कोलमडलं. त्यांचा भागाकार बरोबर होता, पण तो एका वाटेचा होता आणि प्रत्यक्षात वाटा दोन आहेत.

पिट्सबर्गहून मेरीलँडमधल्या कंबरलँड गावापर्यंत येते ती ग्रेट अलेगनी पॅसेज. बोलताना सगळे तिला गॅप म्हणतात. लांबी सुमारे 240 किलोमीटर. कंबरलँडपासून वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउनपर्यंत जातो तो चेसापीक अँड ओहायो कालव्याचा टोपाथ (कालव्याकाठची पायवाट), म्हणजे सीअँडओ. त्याची लांबी सुमारे 297 किलोमीटर. दोन्ही वाटा कच्च्या, दोन्ही बहुतेक ठिकाणी दाट सावलीच्या, आणि दोन्हींवर मोटारगाड्यांना मज्जाव. अधूनमधून एखादा रस्ता ओलांडावा लागतो, एवढाच काय तो वाहनांचा संबंध. ग्रॅव्हल बाइक, म्हणजे कच्च्या वाटांसाठीची सायकल, घेऊन निघालेल्याला आणखी काय हवं? म्हणूनच लोक दोन्ही नावं एका दमात घेतात. पण गॅप ही रेल्वेची वाट आहे आणि सीअँडओ खेचरांची. चाकाखाली जो फरक जाणवतो तो सगळा इथून येतो.

आधी रेल्वेची वाट. लोखंडी रुळावर लोखंडी चाक फार चढ सोसत नाही, ते घसरतं. त्यामुळे रेल्वे बांधणारा माणूस डोंगराला शरण जात नाही. तो बोगदा काढतो, दरीवर पूल टाकतो, टेकडी कापतो, पण चढ वाढू देत नाही. मुंबई-पुणे प्रवासात खंडाळ्याचा घाट पाहिलेल्यांना हे नवीन नाही. तिथे गाडी 37 मीटरला 1 मीटर या प्रमाणात चढते, आणि तेवढ्यासाठी मागून जादा इंजिनं लावावी लागतात. गॅपचा सगळ्यात कडक भाग कंबरलँडहून वर चढणारा. 38 किलोमीटरांत साधारण 540 मीटर, म्हणजे सरासरी 70 मीटरला 1 मीटर. खंडाळ्याच्या निम्माच म्हणायचा. पिट्सबर्गकडून आलात तर जवळजवळ तेवढीच उंची 200 किलोमीटरांत विभागलेली असते. चढतोय हे पायांना कळतही नाही. संध्याकाळी वेग थोडा कमी का पडला याचा विचार करताना ते लक्षात येतं.

सगळ्यात उंच जागा डील या ठिकाणाजवळ आहे, 729 मीटरवर. तो पूर्वेकडचा महाजलविभाजक. इथल्या एका बाजूचं पाणी पोटोमॅकमार्गे अटलांटिकला जातं, दुसऱ्या बाजूचं ओहायो आणि मिसिसिपीतून थेट मेक्सिकोच्या आखातात. आपल्याकडे सह्याद्रीच्या माथ्यावर उभं राहून एक ओहोळ कोकणात आणि दुसरा बंगालच्या उपसागराकडे जाताना बघावा, तसलाच हा प्रकार. मला ही जागा फार आवडते. तिथून कंबरलँडकडे सुटलं की पेडल न मारता चाक पळतं आणि पाठीला, खांद्यांना खरी विश्रांती मिळते.

वाटेच्या पूर्वेकडच्या मोठ्या भागावर वेस्टर्न मेरीलँड रेल्वेचा मार्ग होता. तो 1912 मध्ये सुरू झाला आणि 1975 मध्ये बंद पडला. रूळ उखडले, पण खालचं बांधकाम राहिलं. मेयर्सडेलजवळचा सॅलिस्बरी व्हायाडक्ट, म्हणजे दरीवरचा उंच पूल, 582 मीटर लांब आहे. त्यावरून कॅसलमन नदी आणि महामार्ग खाली पाहत जाताना सायकलपेक्षा आगगाडीतच बसल्यासारखं वाटतं. सायकलवाट म्हणून पहिला तुकडा ओहायोपाइलला 1986 मध्ये खुला झाला आणि पिट्सबर्गजवळचा शेवटचा 2013 मध्ये. मधली 27 वर्षं गावोगावच्या स्वयंसेवकांनी तुकड्याला तुकडा जोडला. आजही वाटेची निगा बरीचशी तेच राखतात. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण या वाटेचा चांगुलपणा आपोआप आलेला नाही.

पृष्ठभाग बारीक कुटलेल्या चुनखडीचा, दाबून घट्ट बसवलेला. त्याखाली रेल्वेचा भराव आणि बाजूला निचऱ्याचे चर. पाऊस थांबला की वाट लवकर निथळते. 35 मिलिमीटरचा टायर पुरेसा होतो.

आता खेचरांची वाट. टोपाथ म्हणजे नाव ओढणाऱ्या जनावरांची पायवाट. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला पोटोमॅक नदी आणि मधल्या बांधावरून दोर गळ्यात घेऊन चालणारी खेचरं. 4 जुलै 1828 रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांच्या हस्ते या कालव्याचं पहिलं फावडं पडलं. त्याच दिवशी बाल्टिमोरमध्ये बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या कामाचाही मुहूर्त झाला. दोघांनाही पश्चिमेकडचा माल हवा होता. रेल्वे 1842 मध्ये कंबरलँडला पोचली. कालव्याला तिथे पोचायला 1850 उजाडलं, आणि पुढे ओहायोपर्यंत न्यायचा बेत तिथेच संपला. तरीही 1924 च्या पुरापर्यंत कालव्यात कोळशाच्या नावा चालत होत्या.

पाण्याची गरज लोखंडापेक्षा वेगळी. नाव चालायची तर पाणी सपाट हवं, उताराचं नको. म्हणून कालवा शिंपी जसा कापड घड्या घालून ठेवतो तसा पायऱ्यांत बसवलेला आहे: लांबच लांब सपाट तुकडा, मग एक लॉक, मग पुन्हा सपाट. लॉक म्हणजे दोन्हीकडे दारं असलेली दगडी खोली. नाव आत घ्यायची, पाणी भरायचं किंवा सोडायचं, आणि नाव दोन-अडीच मीटर वर किंवा खाली. अशी 74 लॉक मिळून 184 मीटरचा चढ आहे. सायकलवर प्रत्येक लॉकपाशी एक छोटी उसळी जाणवते, बाकी वाट तळहातासारखी.

इथेच फसगत होते. उंचीचा आलेख पाहिला तर सीअँडओ गॅपपेक्षा कितीतरी सोपी दिसते. पण सपाट जमिनीवरून पाणी हटत नाही. नदीकाठची गाळाची, चिकणमातीची जमीन, वर ऊन पोचू न देणारी झाडी, वाटेत आडवी आलेली मुळं. नीरेच्या किंवा मुठेच्या कालव्याकडेने पावसाळ्यात सायकल चालवलेल्याला हे वेगळं सांगायला नको. माती चाकाला लागते, मग मडगार्डमध्ये भरते, मग चाक फिरायचंच थांबतं आणि काटकीने खरवडत बसावं लागतं. अलीकडे काही टप्प्यांवर कुटलेली खडी टाकून वाट सुधारली आहे, त्यामुळे एकाच दिवसात दहा किलोमीटर मखमल आणि पुढचे दहा किलोमीटर खड्डे असं होऊ शकतं. माझ्या मित्रांचा चौथा दिवस असल्याच खड्ड्यांत गेला.

दुसरी गोष्ट आलेखात दिसतच नाही. सपाट वाटेवर पेडल थांबवता येत नाही. गॅपवर चढ असतो, पण त्याचा उतारही मिळतो. सीअँडओवर सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत पाय फिरतच राहतात आणि बसण्याची जागा बदलत नाही. दुखायला लागतं ते मांड्यांच्या आधी खोगिरावर. म्हणून मी तरी सीअँडओचा दिवस गॅपपेक्षा पंधरा-वीस किलोमीटरनी लहान धरतो. पावसाचा अंदाज असेल तर आणखी लहान. टायर 40 मिलिमीटरच्या पुढचा, आणि मडगार्ड लावणार असाल तर टायर आणि मडगार्डमध्ये बोटभर जागा सोडा. हॅनकॉकच्या आसपास चिखल अगदीच झाला तर शेजारूनच वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल जाते, ती डांबरी आहे. तिच्यावर चढा, त्यात कमीपणा काही नाही.

दोघींचे बोगदे पाहिले की स्वभाव लगेच कळतो. गॅपवरचा बिग सॅव्हेज साधारण 1 किलोमीटर लांब, आत दिवे, सायकलवर बसूनच पार करायचा. हिवाळ्यात मात्र गोठण्या-वितळण्याने अस्तराचं नुकसान होऊ नये म्हणून त्याची दारं लावून घेतात, आणि मग तिथून वाट अखंड राहत नाही. थंडीत जायचा बेत करणाऱ्यांनी हे आधी पाहावं. सीअँडओवरचा पॉ पॉ बोगदा 950 मीटर, 1836 मध्ये काम सुरू होऊन 1850 मध्ये संपलेला. आत दिवा नाही. एका बाजूला काळं स्थिर पाणी, मध्ये कठडा आणि अरुंद वाट. सायकलवरून उतरून, डोक्याला विजेरी लावून, हाताने ढकलत चालायचं. कठड्याच्या लाकडावर जुन्या दोरांनी घासून पाडलेल्या खाचा हाताला लागतात. मी अशा ठिकाणी घाई करत नाही.

मुक्कामाचीही तऱ्हा वेगळी. गॅपवर रेल्वेची जुनी स्टेशनं होती त्या जागी गावं आहेत: कॉनेल्सव्हिल, ओहायोपाइल, रॉकवुड, मेयर्सडेल, फ्रॉस्टबर्ग. कॉन्फ्लुअन्स तर नावानेच संगम, तिथे तीन प्रवाह एकत्र येतात. जेवण, पलंग, सायकलचं दुकान वाटेच्या अंगाला मिळतं. सीअँडओ हे 1971 पासून राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान आहे आणि ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या ताब्यात आहे. त्यामुळे काठ मोकळा राहिला, पण गाव गाठायला बऱ्याचदा वाट सोडून वर चढावं लागतं. त्याऐवजी ठरावीक अंतरावर तंबूच्या जागा आहेत, हातपंप आहे, आणि काही जुनी लॉकरक्षकांची घरं राहायला मिळतात. थंडीत हे पंप बंद असतात. हे उद्यान होण्याआधी कालव्यावर मोटाररस्ता करायचं घाटत होतं. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम ओ. डग्लस यांनी 1954 च्या मार्चमध्ये कंबरलँडहून पूर्ण टोपाथ चालून दाखवला आणि सोबत येण्याचं आव्हान पत्रकारांना दिलं. तो रस्ता झाला असता तर आज या वाटेवर सायकल नसती.

थोडक्या सुट्टीत एकच निवडायची झाली तर? पहिल्यांदा जाणाऱ्याला, मुलांना घेऊन निघालेल्याला मी गॅपच सांगेन. ओहायोपाइल ते कॉन्फ्लुअन्स हा 18 किलोमीटरांचा टप्पा एका सकाळीचा आहे आणि यॉकगेनी नदी सोबत असते. पलीकडच्या काठावरून मालगाड्या अजून जातात, त्यांचा भोंगा ऐकून मुलं ब्रेक दाबतात. ज्याला दिवसभर माणसाचा आवाज ऐकू नये असं वाटतं आणि इतिहासाची ओढ आहे, त्याने मे किंवा ऑक्टोबरमध्ये, आधीचे तीन-चार दिवस कोरडे गेलेत हे पाहून, सीअँडओवर जावं.

दोन्ही जोडूनच करायच्या असतील तर पिट्सबर्गकडून निघा. लांब, मऊ चढ आधी आणि सुटलेला उतार नंतर. कंबरलँडला गॅपचा शून्याचा मैलदगड आणि सीअँडओचा 184.5 चा मैलदगड जवळजवळ पाठीला पाठ लावून आहेत. तिथे फोटो काढून झाला की दोन मिनिटं थांबा आणि दोन्ही टायरमधली हवा थोडी कमी करा.