ॲब्सोल्यूटली
ॲब्सोल्यूटली : निरपेक्षता, संपूर्णता किंवा ठाम होकार दर्शविणारे इंग्रजी क्रियाविशेषण. ‘ॲब्सोल्यूट’ या विशेषणाला ‘ली’ प्रत्यय लागून ते सिद्ध होते. विशेषणाचे मूळ ‘आब्सोलूटुस’ या लॅटिन धातुसाधितात आहे : ‘आब’ म्हणजे पासून, ‘सॉल्वेरे’ म्हणजे सोडविणे.

हे विशेषण इंग्रजीत सुमारे १४ व्या शतकाच्या उत्तरार्धात आढळू लागते. ते जुन्या फ्रेंचमार्फत आले की थेट लॅटिनमधून, याविषयी एकमत नाही; दोन्ही वाटांनी आले असावे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ‘सोडविलेले’ या अर्थातून ‘पूर्ण’ हा अर्थ कसा निघाला, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. लुईस व शॉर्ट यांच्या लॅटिन कोशात (१८७९) विणून झालेले कापड मागावरून सोडविण्याची कल्पना बहुधा त्यामागे असावी, असे म्हटले आहे. कल्पना वेधक आहे, पण तिच्यावाचूनही अर्थ लागतो. ‘कामातून मोकळा झालो’ असे मराठीत म्हटले की काम पुरे झालेलेच असते.

‘सुटलेले’ हा मूळ भाव शास्त्रीय वापरात टिकून आहे. सकर्मक क्रियापद कर्माशिवाय योजले, तर ते ‘ॲब्सोल्यूटली’ योजले असे इंग्रजी व्याकरण म्हणते. संस्कृतातील सति सप्तमीशी जुळणाऱ्या लॅटिन रचनेच्या ‘ॲब्लेटिव्ह ॲब्सोल्यूट’ या नावातही हेच विशेषण आहे. तेथे वाक्यांश मुख्य वाक्याच्या अन्वयापासून सुटा असतो. इंग्लिश मृत्युपत्रांत मालमत्ता ‘ॲब्सोल्यूटली’ दिली म्हणजे ती अटींपासून मुक्त. गणितात ही मुक्तता चिन्हांपासून आहे : १ − १/२ + १/३ − १/४ + … ही अनंत श्रेढी अभिसारी (एका निश्चित बेरजेकडे जाणारी) असून तिची बेरीज २ च्या नैसर्गिक लॉगरिदमइतकी होते, सर्व पदे धन घेतली तर मात्र बेरीज अमर्याद वाढते. म्हणून ती ‘ॲब्सोल्यूटली’ अभिसारी नाही.

बोलण्यात हा शब्द टोकाच्या विशेषणांशी जुळतो : ‘थंड’पेक्षा ‘गोठवणारे’ याच्याशी, ‘मोठे’पेक्षा ‘प्रचंड’ याच्याशी. मराठीत एक प्रतिशब्द पुरत नाही. होकारार्थी वाक्यात ‘अगदी’, तर नकारात ‘मुळीच’ किंवा ‘अजिबात’ येते. कोशांतील ‘निरपेक्षपणे’ शास्त्रीय अर्थाला योग्य आहे, बोलीला नाही. सुटा होकार म्हणून वापर बहुधा १९ व्या शतकाच्या अखेरीस अमेरिकी बोलीत रूढ झाला. असा होकार देताना मुख्य आघात बहुधा ‘ल्यूट’वर पडतो.