मदतसामग्रीचे नियोजन (ठाणे व नवी मुंबई)

आपत्तीग्रस्तांसाठी मंडळे, धर्मादाय संस्था व नागरिक यांच्याकडून जमणारे साहित्य गरजेनुसार आणि वेळेत पोहोचावे म्हणून करावयाची निवड, बांधणी, वाहतूक व वाटप यांची व्यवस्था. कोकणात किंवा कृष्णाकाठी पूर आला की ठाणे–नवी मुंबईतून टेम्पो निघतात. वाशीच्या बाजार समितीत धान्य, डाळी, मसाले, कांदा-बटाटा घाऊक भावात मिळतो, कळंबोलीत ट्रक मिळतात, आणि पनवेलहून एक रस्ता गोव्याकडे, दुसरा पुण्याकडे जातो. शिवाय घरटी कोणाचे ना कोणाचे गाव तिकडे असते. बाजारातले कितीतरी माथाडी सातारा-सांगलीकडचेच.

मदतीला माणसे कमी पडत नाहीत. घोळ होतो तो वर्गवारीत. जुन्या कपड्यांची गाठोडी हे त्याचे ठळक उदाहरण. ती निवडायला पूरग्रस्तांनाच बसावे लागते आणि बरीचशी तशीच पडून राहतात. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळुणात शिरले; ओसरल्यावर घरोघरी चिखल उरला. अशा वेळी बिस्किटांच्या पुड्यांहून फावडी, घमेली, खराटे, फिनेल आणि कोरडी अंथरुणे मोलाची ठरतात. म्हणून एका कुटुंबाला पंधरवडा पुरेल असे एकसारखे किट वाशीतच बांधून, खोक्यावर आतल्या वस्तूंची यादी चिकटवणे सोयीचे. खोके उघडून पाहण्यात तिथे वेळ जात नाही.

बांधणीचे वजनही पाहावे लागते. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूर तालुक्यातील इरशाळवाडीवर दरड कोसळली. नवी मुंबईपासून अंतर फार नाही, पण वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. सगळे साहित्य डोंगर चढून न्यावे लागले. तिथे पन्नास किलोची गोणी निरुपयोगी, पाठीवर मावेल तेवढेच कामाचे. रस्ता आधी विचारणे तर त्याहून प्राथमिक : ऑगस्ट 2019 मध्ये कोल्हापूरजवळ पुणे–बेंगळुरू महामार्गावर पाणी येऊन तो अनेक दिवस बंद होता.

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, 2005 नुसार जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, आणि तालुक्याचे तहसील कार्यालय त्यांच्याच अखत्यारीत येते. त्यामुळे गाडी भरण्याआधी तहसील कार्यालयात एक फोन केला, तर दहा मंडळांचे टेम्पो महामार्गालगतच्या एकाच गावात रिकामे होत नाहीत. एरवी आतली वाडी राहून जाते; ती फोटोसाठी गैरसोयीची असते, एवढेच. आपत्तीग्रस्त भागातली दुकाने उघडली असतील तर रोख मदत सर्वांत स्वस्त पडते. भाड्याचा खर्च वाचतो आणि दुकानदारही सावरतो.