काओरू

काओरू : जपानी व्यक्तिनाम. ते पुरुषांचेही असते आणि स्त्रियांचेही. ‘दरवळणे’ या अर्थाच्या जुन्या क्रियापदाचे मूळ रूपच येथे कोणताही प्रत्यय न लागता नाव झाले आहे. का, ओ आणि रू ही तीन अक्षरे सुटी व सारख्या लांबीची उच्चारावीत. ‘कौरू’ हा उच्चार चूक होय. अंत्य उकार मुळात ऱ्हस्व आहे, तो येथे मराठी लेखननियमानुसार दीर्घ लिहिला आहे. जपानी रीतीप्रमाणे या नोंदीत आडनाव आधी आणि नाव नंतर दिले आहे.

व्युत्पत्ती : या क्रियापदाचे जुने रूप ‘कावोरू’ असे होते. त्यातील ‘का’ म्हणजे वास, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दुसऱ्या मतानुसार हा ‘का’ वाफ, धुके किंवा हवेत भरून राहणारे काहीतरी या अर्थाच्या शब्दाशी जोडावा लागतो. ‘वोरू’ या उत्तरार्धाबद्दल तर एकमत नाहीच. काही जण त्यात ‘असणे, वसणे’ हा अर्थ पाहतात, तर काही जण ‘दुमडणे, लहरत जाणे’ हा.

हा वाद निव्वळ कोशकारांचा नाही, कारण सर्वांत जुने दाखले सुगंधाचे नाहीतच. इ. स. ७२० मध्ये पूर्ण झालेल्या निहोन शोकी या इतिहासग्रंथात इझानागी हा देव आपण निर्मिलेल्या भूमीकडे पाहतो, तेव्हा तिच्यावर फक्त सकाळचे धुके भरून राहिलेले असते. तो फुंकर मारून ते उडवून लावतो आणि त्या श्वासातून वाऱ्याची देवता जन्मते. धुक्याच्या या भरून राहण्यासाठी ग्रंथात सुगंधवाचक चिन्ह वापरले असून त्याचे परंपरागत वाचन ‘कावोरी’ असे होते. ग्रंथ चिनी भाषेत असल्याने हे वाचन नंतरच्या टीकापरंपरेतून आलेले आहे, म्हणून या पुराव्यावर फार भार टाकता येत नाही.

मान्योशू या आठव्या शतकातील काव्यसंग्रहातला दाखला अधिक भक्कम ठरतो. सम्राट तेन्मू यांच्या मृत्यूनंतर आठव्या वर्षी सम्राज्ञी जितो यांना स्वप्नात स्फुरले म्हणून सांगितलेले शोकगीत त्यात आहे (क्र. १६२). त्यातील इसे प्रांत हा ‘नुसती समुद्राची खारी वाफ भरून राहिलेला देश’ आहे, आणि तेथे हेच क्रियापद येते. ते ध्वनिचिन्हांनी लिहिले असल्यामुळे मधला ‘वो’ निःसंशय वाचता येतो. मात्र याच ओळीत लेखनिकाने ‘का’ या ध्वनीसाठी जे चिन्ह निवडले, ते सुगंधाचे आहे. हा त्याचा अर्थबोध होता की केवळ ध्वनीची सोय, हे ठरवणे अवघड आहे. प्रस्तुत नोंदीत धुक्याचा अर्थ आधीचा व वासाचा अर्थ त्यातून निघालेला हे मत अधिक ग्राह्य धरले आहे. मराठीतला दरवळही फुलात नसतो. तो फुलापासून सुटून ओसरीभर झालेला वास असतो. काओरूमध्येही हे पसरणे मुख्य आहे.

वर्णलेखनाचा इतिहास : शब्दाच्या आत येणारा ‘हो’ हळूहळू ‘वो’सारखा उच्चारला जाऊ लागला. पुढे इ. स. १००० च्या सुमारास ‘ओ’ आणि ‘वो’ यांच्यातला भेदही मावळला. परिणामी एकाच उच्चारासाठी ‘ओ’, ‘वो’ आणि ‘हो’ अशी तीन अक्षरे उरली आणि कोणते केव्हा लिहावे याचा गोंधळ सुरू झाला. कवी फुजिवारा नो तेइका (११६२–१२४१) यांच्या नावाने चालत आलेल्या लेखनपरंपरेत या शब्दाचे ‘काहोरू’ असे रूप रूढ झाले. ते मूळ रूपाशी जुळत नाही. सतराव्या शतकाच्या अखेरीस केइचू या बौद्ध भिक्षूने मान्योशूसारख्या जुन्या ग्रंथांतील लेखन ताडून पाहिले आणि प्राचीन वर्णलेखनाची घडी बसवून दिली. त्यानुसार ‘कावोरू’ हेच ऐतिहासिक रूप ठरते. १९४६ च्या सरकारी लेखनसुधारणेने उच्चारानुसारी ‘काओरू’ प्रमाण केले.

तरीही ‘काहोरू’ आणि त्याचे भावंड ‘काहोरी’ ही रूपे दुकानांच्या पाट्यांवर आणि नावांत आजही दिसतात. व्याकरणदृष्ट्या चूक असूनही ती जुनी व नाजूक वाटतात म्हणून लोक ती हौसेने निवडतात. वाचताना मात्र ‘हो’ न म्हणता ‘ओ’च म्हणायचे असते.

सोळाव्या-सतराव्या शतकांतील जेझुइट मिशनऱ्यांनी रोमन लिपीत जपानी लिहिताना हा स्वर ‘उओ’ असा टिपला. त्या काळी तो निखळ ‘ओ’ नव्हता, ओठ गोल करून काढलेला ‘वो’ होता, हे त्यावरून कळते. नागासाकी येथे १६०३–०४ मध्ये छापलेला जपानी-पोर्तुगीज कोश या बाबतीत मोलाचा साक्षीदार आहे. ज्या मिशन छापखान्याच्या परंपरेत तो तयार झाला, ती यंत्रसामग्री यूरोपातून परतणाऱ्या जपानी तरुणांच्या शिष्टमंडळाबरोबर गोव्यामार्गे जपानला गेली. या शिष्टमंडळातील हारा मार्तिन्यो याचे लॅटिन भाषण १५८८ मध्ये गोव्यातच छापले गेले होते.

चित्रलिपीतील रूपे : हे नाव अनेक कांजी, म्हणजे चिनी लिपीतून घेतलेल्या अर्थवाही, चिन्हांनी लिहितात. एका चिन्हात लिहिलेली रूपे सर्वांत रूढ असून त्यांत दोन प्रमुख आहेत.

पहिले सोळा रेघांचे. त्याच्या माथ्यावर गवताची खूण असते आणि तळाशी चार टिंबांनी दाखवलेली आग. चिनी वळणाचे त्याचे वाचन ‘कुन’ असे आहे. इ. स. १०० च्या सुमाराच्या श्वोवन च्येत्स या चिनी कोशात त्याचा अर्थ फक्त ‘सुगंधी गवत’ असा दिला आहे. खालचा भाग धुरी देणे या अर्थाचा असल्याने धूप, धुरी, वस्त्राला वास देणे या छटा त्याला सहज चिकटल्या. जपानीत ‘कुन्पू’ म्हणजे कोवळी पालवी हलवत येणारा उन्हाळ्याच्या आरंभीचा वारा. हाइकूत तो उन्हाळ्याचा ऋतुशब्द आहे. ‘कुन्तो’ म्हणजे गुरूच्या सहवासाने शिष्य घडणे. कापडाला धुरी द्यावी आणि मातीला आकार द्यावा, अशी दुहेरी प्रतिमा या शब्दात आहे. मुलाला हे नाव ठेवताना वडीलधाऱ्यांच्या मनात हा चारित्र्याचा अर्थ असू शकतो, फुलाचाच असेल असे नाही.

याच चिन्हाचा एक धागा थेट भारताशी जुळतो. योगाचार बौद्ध ग्रंथांतील ‘वासना’ ही संज्ञा चिनी भाषेत नेताना भाषांतरकारांनी हेच चिन्ह घेतले. जपानीत ती ‘कुंजू’ अशी वाचली जाते. तिळाशेजारी फुले ठेवली की तिळाच्या तेलालाही वास लागतो, तसा प्रत्येक कृतीचा संस्कार चित्ताला लागून राहतो, हा तिचा आशय. मराठीत वासना हा शब्द भोगेच्छेपुरता आक्रसला आहे. मुळातला हा अर्थ काओरूच्या चिन्हात टिकून राहिला आहे, ही मराठी वाचकासाठी विशेष लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट.

दुसरे चिन्ह वीस रेघांचे, ‘केइ’ असे वाचले जाणारे. त्याच्या खालच्या भागात सुगंधाचे चिन्ह आहे. वरच्या भागात टांगलेला नादपाषाण आणि तो वाजवणारा हात आहे. उपर्युक्त चिनी कोश त्याचा अर्थ ‘दूरवर जाणवणारा सुगंध’ असा देतो. वरचा भाग उच्चार सुचवण्यासाठी आला, असे तोच कोश सांगतो. परंतु दगडाचा नाद आणि वास दोन्ही लांब पोचतात, हा मेळ केवळ योगायोगाचा वाटत नाही. या चिन्हाला कीर्तीचा अर्थ लाभला तो यामुळेच. मेइजी काळापासूनच्या (१८६८–१९१२) राजकारणी व विद्वान पुरुषांच्या नावांत ते अनेकदा आढळते.

नऊ रेघांचे साधे सुगंधचिन्हही चालते, पण ते ‘काओरी’ असेही वाचता येत असल्याने घोटाळा होतो. गवताची खूण असलेले ‘हो’ वाचनाचे चिन्ह आणि ‘इकु’ वाचनाचे एक चिन्ह यांचाही वापर होतो. पालक दोन-तीन चिन्हे जोडून नवे रूप घडवतात किंवा हिरागाना या नुसत्या ध्वनी दाखवणाऱ्या लिपीत लिहितात, तेही वेगळेच.

१९४८ पासून नवजात मुलांच्या नावांसाठी ठराविक चिन्हेच घेता येतात. वीस रेघांचे चिन्ह नेहमीच्या वापराच्या यादीत नव्हते; १९५१ मध्ये नावांसाठी म्हणून ज्या ९२ चिन्हांना खास मुभा मिळाली, त्यांत ते आले. ‘इकु’चे चिन्हही त्याच यादीतले. कुटुंबनोंदवहीत पूर्वी चिन्ह तेवढे नोंदले जाई, त्याचे वाचन नव्हे. त्यामुळे एकच चिन्ह एका घरी काओरू, दुसऱ्या घरी काओरी असे असू शकत होते. मे २०२५ पासून वाचनाचीही नोंद होऊ लागली आहे.

स्त्री-पुरुष भेद : जपानी नावांत क्रियापदाचे मूळ रूप सहसा पुरुषाचे आणि त्यापासूनचे ‘इ’कारान्त नामरूप सहसा स्त्रीचे असते. मिनोरू (पिकणे, फळणे) पुरुषाचे, तर मिनोरी स्त्रीचे. त्या न्यायाने काओरू पुरुषाकडे व काओरी स्त्रीकडे जायला हवे. काओरी तशी गेली. काओरू आणि हिकारू (चमकणे) मात्र दोन्ही बाजूंना राहिली. ‘को’ हा प्रत्यय लावून होणारे काओरुको निःसंशय स्त्रीनाम आहे. मराठीत किरण किंवा परिमल ऐकून मुलगा की मुलगी हे कळत नाही, तशीच काहीशी येथील स्थिती.

या दुहेरीपणामागे गेंजी मोनोगातारी ही मुरासाकी शिकिबू यांची अकराव्या शतकारंभीची कथा असावी, असा तर्क करता येतो. तिच्या ५४ प्रकरणांपैकी शेवटच्या दहांचा नायक काओरू या नावाने ओळखला जातो. लोकांच्या लेखी तो आधीच्या प्रकरणांचा नायक गेंजी याचा मुलगा. खरा पिता काशिवागी. बेचाळिसाव्या प्रकरणात सांगितले आहे, की त्याच्या अंगाला उपजतच सुवास आहे. तो लपून कुठे जाऊ शकत नाही, कारण वास त्याच्या आधी पोचतो. त्याचा प्रतिस्पर्धी राजपुत्र निओउ ईर्ष्येने रात्रंदिवस सुगंधी मिश्रणे बनवून वस्त्रांना धुरी देतो. ‘निओउ’ हे क्रियापद मुळात रंगाच्या तेजाचे, डोळ्यांना दिसणाऱ्या झळाळीचे. ‘काओरू’ हवेतून येणाऱ्या वासाचे. दोन पुरुषांचे स्वभाव लेखिकेने दोन क्रियापदांत असे वाटून दिले आहेत.

येथे एक खबरदारी घ्यावी लागते. कथेत काओरू हे नामकरण केलेले नाव नाही. ‘दरवळणारा सेनानायक’ या लोकांनी दिलेल्या उपाधीतला तो पहिला शब्द आहे. वाचकांनी पुढे तो नाव म्हणून उचलला. त्या काळी काओरू हे व्यक्तिनाम प्रचलित होते, असा निष्कर्ष या कथेवरून काढणे सयुक्तिक नाही.

उल्लेखनीय व्यक्ती : आधुनिक काळातील पहिले ठळक नाव इनोउए काओरू (१८३६–१९१५) यांचे. चोशू संस्थानातील हे सामुराई आधी मोन्ता या नावाने ओळखले जात. १८६३ मध्ये इतो हिरोबुमी आदी सोबत्यांसह ते गुपचूप इंग्लंडला गेले. परराष्ट्रमंत्री असताना पाश्चात्त्य सत्तांशी झालेले असमान तह बदलून घेण्यासाठी त्यांनी पाश्चात्त्य रीतींचा पुरस्कार केला. १८८३ मध्ये उघडलेले रोकुमेइकान हे तोक्योतील मेजवानीगृह त्याचेच प्रतीक ठरले. तहाची बोलणी फसल्यावर १८८७ मध्ये त्यांनी पद सोडले. ओसानाइ काओरू (१८८१–१९२८) यांनी १९०९ मध्ये मुक्त रंगभूमीची चळवळ उभी केली आणि १९२४ मध्ये हिजिकाता योशी यांच्याबरोबर त्सुकिजी लघुनाट्यगृह स्थापले.

भारतीय कारखान्यांत सर्वाधिक परिचित नाव इशिकावा काओरू (१९१५–८९) यांचे. तोक्यो विद्यापीठातील या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी एखाद्या दोषाची कारणे माशाच्या काट्याच्या आकृतीत मांडण्याची पद्धत रूढ केली आणि १९६२ पासून कामगारांच्या गुणवत्ता मंडळांचा पाया घातला. माशाच्या डोक्याशी दोष लिहायचा, कण्यातून निघणाऱ्या काट्यांवर माणूस, यंत्र, माल, पद्धत अशी शीर्षके, आणि प्रत्येक काट्याला बारीक कारणे. पुणे, नाशिक पट्ट्यातील कारखान्यांत ही आकृती ‘फिशबोन’ म्हणून शॉपफ्लोअरवरच्या फळ्यावर आजही काढली जाते. ती ‘इशिकावा आकृती’ म्हणूनही ओळखतात, पण काओरू हे नाव तेथे क्वचितच पोचते.

योसानो काओरू (१९३८–२०१७) हे कवी दांपत्य तेक्कान व अकिको यांचे नातू. २००९ मध्ये ते अर्थमंत्री होते. बेत्तो काओरू (१९२०–९९) हे १९५० च्या पहिल्या जपान सिरीजमधील सर्वोत्तम बेसबॉलपटू. फुटबॉलपटू मितोमा काओरू (ज. १९९७) यांनी २०२२ च्या विश्वचषकात स्पेनविरुद्ध रेषेबाहेर जवळजवळ गेलेला चेंडू आत वळवला, मोजणीत तो १.८८ मिलिमीटर आत ठरला आणि जपानचा विजयी गोल मान्य झाला.

स्त्रियांत हातोयामा काओरू (१८८८–१९८२) यांनी क्योरित्सू महिला शिक्षणसंस्थेचे प्रमुखपद भूषविले. पंतप्रधान हातोयामा इचिरो यांच्या त्या पत्नी. त्यांचे नाव काओरुको असेही लिहिले जाई. अभिनेत्री याचिगुसा काओरू (१९३१–२०१९) ताकाराझुका या केवळ स्त्रियांच्या नाट्यसंस्थेच्या रंगमंचावरून चित्रपटात आल्या. लेखिका कुरिमोतो काओरू (१९५३–२००९) यांना १९७८ चा एदोगावा रानपो पुरस्कार आणि ताकामुरा काओरू (ज. १९५३) यांना १९९३ मध्ये नाओकी पुरस्कार मिळाला. या तिघींची ही नावे जन्मनावे नसून रंगमंचासाठी वा लेखनासाठी घेतलेली आहेत. मुखपृष्ठावरच्या अशा नावावरून लेखक स्त्री की पुरुष हे वाचकाला कळत नाही.

चित्रकथा व ॲनिमेशनमध्ये दोन्ही लिंगांची काओरू पात्रे आहेत. त्यांपैकी १९९० च्या दशकातील एका ॲनिमेशन मालिकेतील नागिसा कावोरू या तरुणाचे नाव मुद्दाम जुन्या ‘वो’ने लिहिले जाते, आणि मान्योशूतील तो वर्ण जगभरच्या तरुण प्रेक्षकांना ओळखीचा झाला आहे.