पर्णविन्यासाचे गणिती प्रारूप

खोडावर एकामागून एक येणारी पाने कोणत्या कोनात फुटतात, त्या रचनेला पर्णविन्यास म्हणतात. ती शेंड्याच्या टोकावरच्या, जेमतेम दशांश मिलिमीटर रुंदीच्या वाढत्या ऊतीत ठरते. तिथे कोणतीही आखणी नसताना पुढच्या पानाची जागा कशी ठरते, हे प्रारूपाने सांगायचे असते.

उसाची पाने समोरासमोरच्या दोन रांगांत येतात. लागोपाठच्या दोन पानांतला कोन १८० अंश. डोळा पानाच्या बगलेत असल्याने तोही कांडीगणिक बाजू बदलतो. कराड-वाळवा भागात दोन डोळ्यांची टिपरी (लागवडीचे उसाचे तुकडे) लावताना डोळे सरीच्या बाजूंना ठेवतात ते यामुळेच. एक डोळा वर केला की दुसरा हमखास खाली जातो आणि उगवण मागे-पुढे होते. सूर्यफुलात मात्र हा कोन साधारण १३७.५ अंश असतो.

नवा अंकुर, म्हणजे पानाची पहिली गाठ, आधीच्या अंकुरांपासून सर्वांत मोकळ्या जागी येतो, हा नियम जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ होफमाइस्टर यांनी १८६८ मध्ये मांडला. दुआदी आणि कुदेर या फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञांनी १९९२ मध्ये तो वनस्पतीविना तपासला. तेलाच्या बशीत मध्यभागी चुंबकीय द्रवाचे थेंब ठरावीक अंतराने सोडले. ते एकमेकांना ढकलत कडेकडे सरकत. सारा खेळ एका गुणोत्तराचा: दोन थेंबांमधला काळ गुणिले वेग, भागिले मधल्या भागाची त्रिज्या. ते मोठे असले की १८० अंश मिळतात. हळूहळू कमी केले की रचना १३७.५ कडे वळते. एकदम कमी केले, तर ती ९९.५ अंशांच्या वेगळ्याच रचनेतही अडकू शकते.

पेशींच्या पातळीवर ढकलण्याचे काम ऑक्झिन हे वनस्पतीतले वाढीचे संप्रेरक करते. पिन-१ हे प्रथिन ऑक्झिनला जास्त ऑक्झिन असलेल्या शेजारच्या पेशीकडे पाठवते. साठा जमतो तिथे अंकुर येतो, आजूबाजूची जागा रिकामी होते. पिन-१ निकामी झाले की फुलोऱ्याचा दांडा सुईसारखा बोडका राहतो.

संगणकावर पाहायचे तर १९७९ चे फोगेल यांचे सूत्र पुरते: n व्या बिंदूचा कोन n × १३७.५०८ अंश, केंद्रापासून अंतर n च्या वर्गमुळाच्या प्रमाणात. १३७.३ घेतले तरी एकाच दिशेची वळणे उठून दिसतात आणि मध्ये फटी पडतात. हे सूत्र फक्त चित्र काढते. कोन कुठून आला ते सांगत नाही. त्याला प्रारूपाचा पुरावा मानणे चूक आहे. शिवाय खऱ्या सूर्यफुलांत वळणे मोजली, तर ३४ आणि ५५ अशा फिबोनाची संख्या (आधीच्या दोन संख्यांची बेरीज म्हणजे पुढची) नेहमीच मिळतात असे नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६५७ फुलांच्या मोजणीत इतर संख्याही आढळल्या.

शिवारात मोजताना घोळ होतो तो पात्यामुळे. तासगावकडच्या द्राक्षबागेत काडी तारेला बांधलेली असते, तिला पीळ पडतो, पाती उन्हाकडे वळतात. म्हणून कोन पात्यावरून न मोजता देठ पेराला जिथे चिकटतो तिथे मोजावा, आणि पीळ पडण्याआधीच्या कोवळ्या शेंड्यावर. द्राक्षाची पानेही दोन रांगांतच असतात. पानासमोर घड किंवा बाळी (आधाराला गुंडाळणारा ताणा) सहसा दोन पेरांवर येते, तिसरे पेर मोकळे जाते.